शब्द बदलले, तरी साम्य कसे?

प्रश्न : मी एम. ए.च्या दुसऱ्या वर्षात समाजशास्त्र शिकते. माझ्या लघुप्रबंधात वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने इतरांच्या लेखनाशी २७ टक्के साम्य दाखवले. प्रत्येक ठिकाणी लेखकाचे नाव दिले होते आणि शब्दही बदलले होते. मग चूक कोठे झाली?

उत्तर : विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, १० ते ४० टक्क्यांच्या टप्प्यात सुधारित लेखन सादर करावे लागते. अवतरणचिन्हांत, संदर्भासह दिलेला मजकूर आणि संदर्भसूची या मोजणीतून वगळायची असते. ती वगळली आहे का, हे आधी ग्रंथालयात विचारावे. आकड्याची भीती मात्र अवाजवी वाटते, कारण खरा दोष बहुधा लेखनपद्धतीत असतो.

मूळ परिच्छेद समोर उघडा ठेवून त्यातील शब्दांच्या जागी समानार्थी शब्द घातले, तर वाक्यांचा सांगाडा आणि युक्तिवादाचा क्रम त्या लेखकाचाच राहतो. नाव दिल्याने विचाराचे श्रेय पोहोचते, पण वाक्यरचना आपली ठरत नाही. म्हणून वाचून झाल्यावर पुस्तक मिटावे, लेखकाचे म्हणणे आपल्या शब्दांत लिहावे आणि नंतरच मुळाशी ताडून पृष्ठक्रमांक नोंदवावा.

पूर्वसंशोधनाचा आढावाही ‘अमुक यांनी असे म्हटले, तमुक यांनी तसे म्हटले’ अशा ओळीने न लिहिता मुद्द्यांभोवती लिहावा. उदाहरणार्थ, स्थलांतरावरील आढाव्यात पावसावर अवलंबून असलेल्या शेतीला कारण मानणारे आणि ऊसतोडीच्या उचल पद्धतीवर (मजुरांना आगाऊ रक्कम देण्यावर) भर देणारे अभ्यासक समोरासमोर आणून, आपल्या क्षेत्रकार्यातील माहिती कोणाच्या बाजूने झुकते ते स्पष्ट लिहावे.