पाडव्याआधी फेंगशुई करू का मॅडम? (दारामागच्या वॉकरची गोष्ट)

फेब्रुवारी संपत आला, ऊन तापायला लागलं की समुपदेशनाला येणाऱ्यांकडून हा प्रश्न माझ्याकडे येतोच, मॅडम घरात एनर्जीच नाही असं वाटतं, कशात मन लागत नाही, फेंगशुई (घराच्या मांडणीची चिनी पद्धत) करून घेतलं तर फरक पडेल का? डोंबिवलीच्या एका ताईंची केस सांगते, त्यांना विचारूनच लिहितेय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

ताई 46 वर्षांच्या. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, 3 वर्षं त्यांचं सगळं ताईंनीच केलं, आणि त्या जाऊनही दीड वर्ष झालेलं. आता खरं तर मोकळीक होती पण दुपारभर नुसत्या बसून राहायच्या, मग यूट्यूबवर व्हिडिओ बघता बघता लाफिंग बुद्धा आला, तीन पायांचा बेडूक आला, लाल रिबिनीतली नाणी आली आणि पूर्वेच्या कोपऱ्यात लकी बांबू, कारण फेंगशुईत वसंत म्हणजे लाकूड तत्त्व, रंग हिरवा, दिशा पूर्व. इथवर ठीकच होतं हो. पण तो बांबू पिवळा पडला आणि ताईंची झोप उडाली, लेकीची बारावीची परीक्षा तोंडावर, आता तिचंच काहीतरी वाईट होणार असं डोक्यात बसलं. त्यात कोणी वास्तुवाल्याने दक्षिणेचं दार वाईट म्हणून सांगितलेलं आणि व्हिडिओत म्हणे दक्षिणमुखी घर सगळ्यात उत्तम. नवरा वैतागून म्हणायचा, बंद कर हे खूळ. ताई मला म्हणाल्या, "तुम्ही तरी हसू नका."

हसण्यासारखं काही नव्हतंच. मी आधी बांबूचं बोलले. तो मुळात बांबू नाहीच, ड्रॅसेना जातीचं आफ्रिकेतलं झाड आहे, त्याला थेट ऊन सोसत नाही आणि नळाच्या पाण्यातलं क्लोरीनही मानवत नाही. ताईंनी तर ते पूर्वेच्या खिडकीत कडक उन्हातच ठेवलेलं! मग दक्षिणेचं. फेंग म्हणजे वारा, शुई म्हणजे पाणी, आणि उत्तर चीनमधे हिवाळ्यात उत्तरेकडून बोचरा गार वारा येतो, म्हणून घराची पाठ उत्तरेला आणि तोंड दक्षिणेच्या उन्हाला, त्या हवेत हे शहाणपणाचंच होतं. डोंबिवलीत तो वारा कुठून येणार? ज्या नियमाची भीती वाटते तो कुठून आला हे कळलं की भीती निम्मी उतरते, हे मी खूप जणांच्या बाबतीत बघितलंय.

पण मला फेंगशुईतली एक गोष्ट खरंच आवडते, ऊर्जा म्हणजे ची मुख्य दारातून आत येते आणि तिला अडथळ्याशिवाय घरभर फिरता आलं पाहिजे. म्हणून मी ताईंना कागद दिला, म्हटलं घराचा नकाशा काढा आणि पेन्सिलीने दारातून आत शिरून फिरा, जिथे अडाल तिथे थांबा. पेन्सिल आतल्या खोलीच्या दाराशी थांबली. हे दार पूर्ण उघडत नाही म्हणाल्या, मागे सामान आहे. कसलं सामान? वॉकर, कमोडची खुर्ची, एअरबेडची गुंडाळी. दीड वर्ष तिथेच.

आणि मग त्या रडल्या. खूप वेळ. सासूबाई गेल्या तेव्हा पहिल्यांदा मनात आलं होतं, सुटले बाई, आणि त्याच क्षणापासून स्वतःला माफ केलं नव्हतं. ते सामान देऊन टाकलं तर खरंच सुटल्यासारखं होईल ना, म्हणून हात लागत नव्हता. इतकी वर्षं आजारपण काढलेल्या माणसाला सुटकेचा श्वास येणं हे प्रेम कमी असल्याचं लक्षण नाहीये, हे आम्ही 4 सेशन बोललो, आणि हेच खरं काम होतं.

घरचं काम त्यामानाने साधं. नवीन वस्तू एकही आणायची नाही. चीनमधे नववर्षाआधीच घर झाडून घेतात आणि पहिल्या दिवशी केरसुणीला हात लावत नाहीत, नशीब झाडलं जाईल म्हणून, तसं आपण पाडव्याच्या आदल्या दिवशी थांबायचं ठरवलं. रोज एकच कप्पा, 20 मिनिटं. सकाळी समोरासमोरच्या खिडक्या उघड्या. आणि चहा पूर्वेच्या खिडकीशी खुर्ची टाकून, मोबाईल न घेता, कारण सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की झोपेचं घड्याळ जागेवर यायला मदत होते, ह्याला फेंगशुई म्हणा नाहीतर काही म्हणा. बेडूक राहू दे म्हटलं, आवडतो ना, फक्त तो घर सांभाळतो असं नको.

तुमचंही असं चाललं असेल तर ही आवराआवर नक्की करा पण दोन आठवड्यांच्या वर मन उदास, झोप-भूक गेलेली, जगावंसंच वाटत नाही असं असेल तर पसारा राहू दे बाजूला, आधी डॉक्टरांना भेटा.

वॉकर आणि खुर्ची पाडव्याच्या 3 दिवस आधी रुग्णोपयोगी साहित्य केंद्रात गेली, नवरा स्वतः रिक्षात घालून घेऊन गेला. एअरबेड मात्र अजून माळ्यावर आहे. ताई म्हणाल्या, दार आता भिंतीला टेकतं, टक् असा आवाज होतो, पहिल्यांदा झाला तेव्हा मी दचकलेच.