रसायनशास्त्राच्या विद्यार्थिनीने अर्थशास्त्र का शिकावे?

प्रश्न : माझी मुलगी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असून तिचा मुख्य विषय रसायनशास्त्र आहे. नव्या रचनेनुसार विज्ञान शाखेबाहेरचा एक विषय ‘ओपन इलेक्टिव्ह’ म्हणून घ्यावा लागत असल्याने तिने अर्थशास्त्र निवडले. पुढे शिष्यवृत्ती मिळवून परदेशात एम.एस्सी. करण्याचा तिचा मानस आहे. अशा अवांतर विषयात वेळ घालवल्याने तिचे नुकसान तर होणार नाही ना?
— एक पालक, लातूर

उत्तर : नुकसान होणार नाही, उलट, विषय मन लावून शिकवला जात असेल तर लाभच होईल. शिष्यवृत्ती आणि मुख्य विषयाबाहेरचे शिक्षण यांचे नाते आपल्याकडे जुने आहे. 1913 मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता आणि त्याचे 29 अभ्यासक्रम त्यांनी घेतले. पण त्याबरोबर इतिहासाचे 11, समाजशास्त्राचे 6, तत्त्वज्ञानाचे 5 आणि मानववंशशास्त्राचे 4 अभ्यासक्रमही घेतले. मे 1916 मध्ये त्यांनी भारतातील जातिसंस्थेवरचा आपला गाजलेला निबंध वाचला तो अर्थशास्त्राच्या वर्गात नव्हे, तर अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात. केवळ पदवीपुरते शिकायचे असते, तर त्या वर्गात त्यांनी पाऊलही ठेवले नसते. शिष्यवृत्तीने फी आणि जेवणाची सोय होते हे खरेच, परंतु पोटापाण्याशी थेट संबंध नसलेला विषय निर्धास्तपणे शिकण्याची मुभा मिळते, ही तिची मोठी देणगी मला वाटते.

या मुभेला अटी असतात, हेही त्याच उदाहरणावरून कळते. शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार बाबासाहेबांना करावा लागला होता, आणि 1917 मध्ये ते नोकरीवर रुजू झाले तेव्हा अस्पृश्यतेमुळे त्या शहरात त्यांना राहायला जागाही मिळेना. आजही अर्ज करण्यापूर्वी अटी बारकाईने वाचाव्यात. ब्रिटिश सरकारच्या चीव्हनिंग शिष्यवृत्तीसाठी दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षण संपल्यावर किमान दोन वर्षे मायदेशी राहावे लागते. म्हणजे पदवी हाती पडताच या शिष्यवृत्तीचा उपयोग नाही. युरोपीय संघाच्या इरॅस्मस मुंडुस योजनेत मात्र पदवीच्या शेवटच्या वर्षात असतानाच अर्ज करता येतो, आणि त्यातील विद्यार्थ्याला किमान दोन देशांतील विद्यापीठांत शिकावे लागते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीही आहे. एक गोष्ट पालकांच्या ध्यानात सहसा उशिरा येते : तीन वर्षांची पदवी काही परदेशी विद्यापीठांना प्रवेशासाठी पुरेशी वाटत नाही. त्यामुळे चौथ्या वर्षाचा ऑनर्स करायचा की नाही, याचा विचार तिसऱ्या वर्षाच्या आरंभीच झालेला बरा.

राहिला अर्थशास्त्राचा मुद्दा. औषध कारखान्याचे सांडपाणी शुद्ध कसे करावे हे रसायनशास्त्र सांगते, पण तो खर्च कारखाना का टाळतो आणि अखेर तो कोणाच्या माथी पडतो, हा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे. शिष्यवृत्तीच्या अर्जात ‘हाच विषय का?’ याचे उत्तर आपल्या शब्दांत लिहावे लागते, तेव्हा दोन्ही बाजू पाहिलेल्या मुलीला लिहिण्यासारखे काही तरी असते. मात्र नव्या विषयाचे नाव आकर्षक आहे एवढ्यावर भुलू नये. तो शिकवायला त्या विषयाचा प्राध्यापक आहे, की ज्याचे तास कमी भरतात त्याच्या गळ्यात तो घातला आहे, हे आधी विचारावे. दुर्दैवाने काही ठिकाणी दुसराच प्रकार चालतो, आणि तसे असेल तर विषय बदलून घेण्यात कमीपणा नाही.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात ओपन इलेक्टिव्हसाठी दोनच विषय आहेत. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या ऑनलाइन शिक्षणाच्या व्यासपीठावरचा अभ्यासक्रम केला तर त्याचे श्रेयांक (क्रेडिट) मिळतात का?
— एक विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : मिळू शकतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2021 च्या नियमांनुसार एका सत्रातील 40 टक्क्यांपर्यंत श्रेयांक ‘स्वयम्’मधून घेण्यास विद्यापीठ परवानगी देऊ शकते. नावनोंदणी विनाशुल्क असते. श्रेयांकांसाठी मात्र शुल्क भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. नोंदणीपूर्वी तो अभ्यासक्रम आपल्या विद्यापीठाला मान्य आहे का, हे महाविद्यालयाकडून लेखी घ्यावे, कारण अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर मान्यता मागणाऱ्यांना कार्यालयात हेलपाटे घालावे लागतात.