एक चेकराइड, सगळ्या रेटिंग्जची मुदत

प्रश्न : माझ्याकडे एफएएचं (अमेरिकेच्या विमानवाहतूक नियामकाचं) सीएफआय, म्हणजे विमान चालवायला शिकवण्याचं प्रशिक्षक-प्रमाणपत्र आहे, एका इंजिनाच्या विमानांपुरतं. त्यावर ३१ ऑगस्ट २०२६ ही मुदतीची तारीख आहे. सीएफआयआय (इन्स्ट्रुमेंट, म्हणजे उपकरणांच्या आधारे उड्डाण शिकवण्याचं) आणि एमईआय (बहुइंजिनी विमानांवर शिकवण्याचं) दोन्ही करायचं आहे. मग मुदत वाढवायला रिफ्रेशर कोर्स वेगळा करावा लागेल का?

उत्तर : नाही. या रेटिंग्ज, म्हणजे त्या-त्या प्रकारचं प्रशिक्षण देण्याच्या परवानग्या, एकाच प्रशिक्षक-प्रमाणपत्रावर बसतात. जोडायच्या रेटिंगची चेकराइड, म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षा, पास झालात, की सगळ्या प्रमाणपत्राची मुदत २४ कॅलेंडर महिन्यांनी पुढे जाते.

महत्त्वाचा आहे तो महिना. मे ते ऑगस्ट २०२६ दरम्यान सीएफआयआय पास झालात, तर पुढची तारीख ऑगस्ट २०२८ धरली जाते. एप्रिलमध्येच पास झालात, तर मोजणी एप्रिलपासून होते आणि चार महिने हातचे जातात. म्हणून बहुइंजिनी विमानांवर शिकवण्याचं काम आत्ता समोर नसेल, तर एमईआय २०२८च्या मुदतीसाठी राखून ठेवा. काम समोर असेल तर थांबू नका. रेटिंग कमाईची असते, मुदत कोर्स करूनही वाढवता येते.

चेकराइड शेवटच्या आठवड्यात मात्र ठेवू नका. नापास झालात तरी आधीचं सीएफआय शाबूत राहतं, पण तारीख हलत नाही. ६० दिवसांत पुन्हा परीक्षा दिली तर पास झालेले भाग सहसा परत द्यावे लागत नाहीत. तेवढी जागा हातात असू द्या.

सीएफआयआयसाठी त्या विषयाची लेखी परीक्षा द्यावी लागते. अध्यापनतत्त्वांची, म्हणजे एफओआय, पुन्हा लागत नाही. एमईआयला नवी लेखी परीक्षा नाही. तिथे अडतं ते तासांवर. बहुइंजिनी विमानात पायलट-इन-कमांड (पीआयसी), म्हणजे उड्डाणाची जबाबदारी असलेला वैमानिक, म्हणून किमान १५ तास हवेत. रेटिंग मिळाल्यावरही ज्या मेक-मॉडेलवर रेटिंगचं प्रशिक्षण द्यायचं, त्यावर ५ तास पीआयसी लागतात. नुसत्या सीएफआयआयवर बहुइंजिनी विमानात इन्स्ट्रुमेंटचं प्रशिक्षण देता येत नाही, हे बरेच जण विसरतात.

प्रश्न : तारीख उलटून दोन महिने झाले. आता चेकराइडच का?

उत्तर : नाही. तारखेनंतरच्या तीन कॅलेंडर महिन्यांत रिफ्रेशर कोर्स, म्हणजे एफआयआरसी, करून प्रमाणपत्र पूर्ववत करता येतं. मधल्या काळात प्रशिक्षक म्हणून एकही तास शिकवू नका, एकही एन्डोर्समेंट, म्हणजे विद्यार्थ्यासाठी सहीची मंजुरी, देऊ नका. तीन महिने उलटले की चेकराइडला पर्याय नाही. पण तीही धारण केलेल्या किंवा नव्याने जोडायच्या एकाच रेटिंगची.

कोर्सचा दाखला हाती आला म्हणजे काम झालं असं समजू नका. आयएसीआरए या एफएएच्या ऑनलाइन अर्जप्रणालीत अर्ज भरून, अधिकृत व्यक्तीकडून तो मंजूर व्हावा लागतो. १ डिसेंबर २०२४पासून दिल्या जाणाऱ्या प्रशिक्षक-प्रमाणपत्रांवर मुदत छापलेली नसते. ती एफएएच्या नोंदीत असते, म्हणून तिथली तारीख स्वतः तपासा.

प्रश्न : विद्यार्थ्यांच्या निकालावर मुदत वाढवायची आहे. माझ्या सहीने सात जण परीक्षेला बसले, दोघे पहिल्यांदा नापास झाले.

उत्तर : चालणार नाही. २४ महिन्यांत किमान पाच जणांची शिफारस आणि त्यातले ८० टक्के पहिल्याच प्रयत्नात पास, अशी अट आहे. सातांत पाच म्हणजे ७१ टक्के. पाच ते नऊ विद्यार्थ्यांत एकच नापास खपतो. दोन नापास झाले तर एकूण आकडा दहा हवा. शिफारशीवर सही तुमची हवी; स्टेज-चेक, म्हणजे प्रशिक्षणातल्या टप्प्याची चाचणी, घेतलात, पण सही सहकाऱ्याची, तर तो विद्यार्थी तुमच्या खात्यात नाही. नाव, परीक्षेचा प्रकार, तारीख, निकाल ही नोंद तीन वर्षं ठेवणं तसंही बंधनकारक आहे. अर्जाच्या वेळी तीच वही उपयोगी पडते.