घरी खाण्यापुरत्या कोंबड्या पाळायच्या तर गावरान, गिरिराज की कडकनाथ?

तुम्ही लिहिलंय की घरामागे दोन गुंठे परडं मोकळं आहे, पंधरा-वीस पक्षी फक्त घरच्या खाण्यासाठी पाळायचेत आणि मित्र म्हणतोय काळ्या मटणाची कडकनाथच घे. मित्राला सांगा, तू घे. तुम्ही गिरिराज नाहीतर वनराज या सुधारित जातीच्या कोंबड्या आणा.

कडकनाथाचं नाव निघालं की मला गप्प बसवत नाही, कारण त्यावरून आमच्या घरात झालेलं भांडण अजून मिटलेलं नाही. 2019 साली सांगली-साताऱ्याकडं कडकनाथाचं जे प्रकरण पेपरात गाजलं, त्यात आमचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे मालक, सापडले. कंपनी पिल्लं देणार, खाद्य देणार, अंडीही कंपनीच उचलणार. आपण फक्त शेड बांधायचं आणि पैसे आगाऊ भरायचे. मी तेव्हाच म्हटलं होतं, "दाजी, आपल्या गावात एक तरी माणूस काळं मटण पैसे देऊन खातोय का, ते आधी बघा." त्यावर "पाव्हणं, धंद्यातलं तुम्हाला काय कळतंय" हे उत्तर मिळालं. पुढं ऑफिसला कुलूप लागलं, खाद्य बंद झालं, आक्काचं गंठण सोनाराकडं गेलं. उपाशी कोंबड्या एकमेकींची पिसं उपटायला लागल्या तेव्हा दाजींनी त्या पै-पाहुण्यांत वाटून टाकल्या. आमच्या वाट्याला दोन कोंबडे आले.

आखाडात त्यातला एक कापला. पाच महिने उलटून गेलेला पक्षी, साफ केल्यावर किलोसुद्धा भरला नाही. कातडी काळी, हाडं काळी, मटण काळपट. तांबड्या रश्शात निभावून गेलं, पण पांढऱ्या रश्शात त्या काळ्या फोडी बघून पोरांनी वाट्या बाजूला सारल्या. आईनं पातेल्यात वाकून बघितलं आणि बायकोला विचारलं, "करपलं काय गं?" चव वाईट नव्हती, खोटं कशाला बोलू.

दाजी अजून म्हणतात, "जात खानदानी आहे, माणसं चोर निघाली." खानदानी आहेच. मध्य प्रदेशातल्या झाबुआकडच्या भिल्ल-भिलाला लोकांनी ती सांभाळली, 2018 ला झाबुआच्या नावानं भौगोलिक मानांकनही मिळालं. चरबी कमी, प्रथिनं जास्त, तेही मान्य. पण वीस आठवडे दाणा खाऊन सव्वा किलोच्या आसपास जाणारा पक्षी घरच्या पातेल्याच्या हिशेबात बसत नाही, एवढंच मी म्हणतोय. आणि घेतलाच, तर नुसत्या काळ्या पिसांवर जाऊ नका. ब्लॅक ऑस्ट्रलॉर्पही काळीच असते, पण तिचा तुरा लाल आणि कातडी पांढरी. कडकनाथाची जीभसुद्धा काळपट असते.

आता तुमचं. गिरिराज बंगळूरची, वनराज हैदराबादची, दोन्ही मुद्दाम परसात पाळायलाच तयार केलेल्या. पहिले सहा आठवडे विकतचं खाद्य नीट द्यायचं, मग परड्यात सोडून मक्याचा भरडा, कणी, भाजीचा पाला. साडेतीन-चार महिन्यांत नर दीड-दोन किलोला जातात. म्हणजे आखाड किंवा गावच्या जत्रेची तारीख धरून उलटं मोजायचं आणि पिल्लं आणायची. गावरानची चव यांना नाही, कुणी काही म्हणो. पण गावरान कोंबडा दीड किलोला यायची वाट सहा महिने बघायची तयारी आहे का? तरी दोन गावरान कोंबड्या ठेवाच. खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या कोंबडीखाली रात्री अंधारात विकतची एक-दोन दिवसांची आठ-दहा पिल्लं सरकवली की ती आपलीच समजून सांभाळते, पिल्लांना ऊब द्यायच्या बल्बची कटकट वाचते. ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलो होतो, पण सगळं खाद्य विकतचं, आणि कापायला उशीर झाला की स्वतःच्याच वजनानं पाय धरत नाहीत. त्यापेक्षा चौकातल्या दुकानातून आणा.

हे आधी सांगायला हवं होतं: लसी चुकवू नका. पहिल्या आठवड्यात मानमोडीसाठी लासोटा, दुसऱ्यात गंबोरो रोगाची, पुढं सहाव्या-सातव्या आठवड्यात देवीची. गिरिराज-वनराजची अंडी उबवून पुढची पैदास धरू नका, वजन उतरत जातं. खुराड्याला तळापासून बारीक जाळी मारा. घारीपेक्षा मुंगूस जास्त नुकसान करतं. पिल्लांची चौकशी आधी सरकारी मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रात करा, खडकी, कोल्हापूर, जे जवळ पडेल तिथं.

आणि मित्र जर "पक्षी आम्हीच परत विकत घेऊ" म्हणणारी कंपनी सुचवत असेल, तर एक रुपया आगाऊ देऊ नका. दाजी म्हणतील, सगळेच तसे नसतात. नसतील. कंपनीला आधी पक्षी उचलू दे, रोख पैसे देऊ दे, मग बघू.