पाचव्या बारचा गंधार

चि. बाळ,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज काल रात्री वाचला, सकाळी चहा घेताना पुन्हा वाचला. बंगळुरातल्या त्या जॅमला, म्हणजे आयत्या वेळी जमून वाजवायच्या मैफलीला, तू सॅक्सोफोन घेऊन नाव दिलंस. बी फ्लॅट हा षड्ज धरून ब्लूज ठरला, म्हणजे बारा बारांची एकच फेरी पुन्हापुन्हा वाजवायची, आणि बार म्हणजे चार मात्रांचा तुकडा. पहिली फेरी नीट गेली. दुसरीत आपण कुठं आहोत हेच कळेना, आणि मग डोळे मिटून नुसते सूर लावत राहिलीस. रात्रभर बसमध्ये झोप आली नाही, बेळगाव आल्यावर घरी न जाता स्टँडवरच बसून राहिलीस, असं लिहिलंयस. ते वाचून जीव कळवळला. खरं एक सांगतो, तू ज्याला बोटांची चूक म्हणतेस ती बोटांची नव्हे.

मी तिशीत होतो तेव्हाची गोष्ट. कॅम्पातल्या एका निवृत्त लष्करी बँडवाल्याकडे क्लॅरिनेट शिकलो, लग्नसराईत मिरवणुकीपुढं वाजवलं, मग टेनर सॅक्सोफोन घेतला आणि शनिवार-रविवार घाट उतरून गोव्यात वाजवायला जाऊ लागलो. पणजीतल्या एका हॉटेलात मला पहिल्यांदा मोठा सोलो मिळाला. सहा फेऱ्या वाजवल्या. घरी वर्षभर घोटलेलं सगळं ओतलं. लोकांनी टाळ्या दिल्या. सामान आवरताना म्हाताऱ्या पियानोवाल्यानं जवळ येऊन अगदी हळू विचारलं, "मी वाजवायचं कधी थांबलो?" मला सांगता येईना. तिसऱ्या फेरीलाच त्यानं हात मांडीवर ठेवले होते, आणि चार फेऱ्या मी त्याच्याशिवाय वाजवत होतो. रागानं नाही विचारलं त्यानं. खरोखर जाणून घ्यायचं होतं त्याला.

ऐकणं ही काही परकी विद्या नव्हे, तुला ती येते. गणपत गल्लीत भाजीला जातेस ना? समोरची बाई पहिला शब्द मराठीत टाकते की कानडीत, हे ऐकून तुझं उत्तर ठरतं. मधेच ती भाषा बदलते, तूही बदलतेस, आणि पेंढीचा भाव दोन्ही भाषांत मिळून ठरतो. आधी घरून वाक्यं पाठ करून जातेस का? मग स्टेजवर बास आणि ड्रम समोर बोलत असताना पाठ केलेलं कशाला म्हणायचं?

तरी ऐकायला मन मोकळं हवं, आणि 'आता कुठला बार' ही धास्ती असेतो ते मोकळं होत नाही. म्हणून ब्लूजची फेरी अशी मुरव, की मोजावीच लागू नये.

आपलं गाणं तानपुऱ्यावर उभं असतं. षड्ज हलत नाही, राग त्याच्याभोवती फिरतो. ब्लूजमध्ये पायाखालची जमीनच हलते. बारा बार, प्रत्येकात चार मात्रा, म्हणजे अठ्ठेचाळीस. सोळा मात्रांच्या तीनतालाची बरोबर तीन आवर्तनं. आता कागद घेऊन बस. पहिलं आवर्तन पूर्ण षड्जाच्या कॉर्डवर, कॉर्ड म्हणजे एकदम वाजणारे तीन-चार सूर. दुसऱ्याच्या समेला, पहिल्या मात्रेला, मध्यमाचा कॉर्ड येतो आणि त्याच आवर्तनाच्या खालीला, म्हणजे नवव्या मात्रेला, परत षड्ज. तिसऱ्याच्या समेला पंचम, पाचव्या मात्रेला मध्यम, आणि खालीला पुन्हा षड्ज. बघ, घरी परत यायचं ते दोन्ही वेळा खालीवर. हे हाताला बसलं त्या दिवसापासून माझी फेरी चुकली नाही. जाझवाले मधे आणखी कॉर्ड घालतात, त्यांची काळजी पुढच्या वर्षी.

आता गंधार. षड्जाच्या कॉर्डमध्ये गंधार शुद्ध आणि निषाद कोमल. पाचव्या बारला मध्यमाचा कॉर्ड आला की त्यात गंधार कोमल होतो. चौथ्या बारच्या शेवटी शुद्ध गंधार धर आणि पाचव्याच्या समेला तो अर्धाच सूर खाली आण. बाकी काही वाजवू नकोस. त्या एका उतरण्यात खोली फिरल्यासारखी वाटते, खुर्चीवर बसलेला माणूस मान वर करतो. नवव्या बारला तसाच निषाद शुद्ध कर. या दोन जागा साधल्या की तुझ्यामागं पियानो नसला तरी ऐकणाऱ्याला कॉर्ड ऐकू येतील.

दोन्ही गंधार आणि कोमल निषाद म्हटल्यावर तुला जोग राग आठवेल. आठवू दे, खरं जोगचं चलन तिथं उचलून ठेवू नकोस. जोगमध्ये कोमल गंधार राग सांगेल तेव्हा येतो, इथं बार सांगेल तेव्हा. ब्लूज गाणारे षड्जाच्या कॉर्डवरसुद्धा कोमल गंधार घासतात, आणि तो घासणारा सूर हाच ब्लूजचा प्राण आहे. पण आधी सरळ वाट चाल.

आपल्या कर्नाटकातल्या कद्री गोपालनाथांचं उदाहरण मी धरून आहे. मैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये त्यांनी सॅक्सोफोन ऐकला आणि आयुष्यभर त्यावर कर्नाटक संगीत वाजवलं. अमेरिकेतले जाझ सॅक्सोफोनवादक रुद्रेश महंतप्पा यांच्याबरोबर २००८ साली त्यांचा 'किन्स्मेन' हा अल्बम आला, तो हेडफोन लावून ऐक. दोघांच्या हातात आल्टो सॅक्सोफोन, आणि दोघेही आपापली भाषा सोडत नाहीत. एक वाजवतो तेव्हा दुसरा काय करतो, तिकडं कान दे. आणि सी. रामचंद्रांबरोबर वाजवणारे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट घाटाखाली गोव्यातल्या आल्दोन्याचे होते. मुंबईतल्या ताजमहाल हॉटेलात १९३५ साली लिऑन ॲबे यांचा अमेरिकी बँड आला, त्यानंतर ही विद्या शिकून पुढं नेली ती मुख्यतः गोव्याच्या वादकांनी. तेव्हा 'बेळगावात बसून जाझ कुठून येणार' असं पुन्हा लिहू नकोस मला. घाट उतरलं की ते घर आहे.

सवयीची एक गोष्ट मोडावी लागेल. आपला हात समेला टाळी देतो. जाझचा ड्रमर पायानं झांजा मिटतो ते दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला. रोज संध्याकाळी टिळकवाडीतनं चालत जा, पाऊल पहिल्या-तिसऱ्याला आणि चुटकी दुसऱ्या-चौथ्याला. आठ दिवस अवघड जाईल, पुढं चालणंच बदलेल.

वाद्याचंही सांगतो, कारण तुझा सूर मधे फाटल्यासारखा झाला असं तू लिहिलंयस. आपल्याकडच्या पावसात रीड, म्हणजे फुंकायची बोरूची पट्टी, वाकडी होते. वाजवून झाल्यावर ती माउथपीसवर ठेवू नकोस, पुसून सपाट काचेवर ठेव, आणि तीन-चार रीड आळीपाळीनं वापर. 'जी शार्प' सुराची किल्ली ओलीनं चिकटते. तिच्या पॅडखाली, म्हणजे भोक झाकणाऱ्या चामड्याच्या गादीखाली, पातळ टीपकागद घालून हळूच दाब. ओढून काढू नकोस, चामडं फाटेल.

त्या बासवाल्यानं तुला नंतर "पुन्हा ये" म्हटलं, हे मेसेजच्या अगदी तळाशी एका ओळीत लिहिलंस. माझ्या मते सगळ्यात मोठी बातमी तीच होती. ते लोक उगीच म्हणत नाहीत. पुढच्या महिन्याचं तिकीट काढ.

त्याआधी रविवारी सकाळी घरी ये. सॅक्सोफोन घरीच ठेव. मी तबला लावून ठेवतो, तू तीन आवर्तनं नुसता गंधार गायचा. शहापुरातनं येताना काकूसाठी थोडा कुंदा आण, तिनं मुद्दाम लिहायला सांगितलंय.

तुझा,
काका