वाचक विचारतात: बुरशी धरलेली कॅसेट

प्रश्न : रत्नागिरीच्या घरी माळ्यावर ‘रॉक मशीन’ची कॅसेट सापडली. फितीवर पांढरे ठिपके आहेत. वाजवून पाहू का? आणि या बँडचं पुढे काय झालं?

उत्तर : मुंबईत १९८४ साली सुरू झालेल्या या बँडने १९९३मध्ये ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतलं.

कॅसेट मात्र इतक्यात वाजवू नका! ते ठिपके म्हणजे बुरशी. कॅसेट एकदा वाजवली की ती बुरशी प्लेअरच्या हेडला (फितीवरचा आवाज वाचणारा भाग), फीत ओढणाऱ्या रबरी रोलरला आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात आठवडाभर ठेवा. उन्हात नको, फीत वाकडी होते. मग तोंडाला मास्क बांधून, पेन्सिलीने चक्री हळू फिरवत फीत कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडातून ओढा. फितीमागची फेल्टची बारीक गादी जागेवर आहे ना, तेही बघा. ती पडली असेल तर आवाज दबका येतो, आणि लोक उगाच प्लेअरला दोष देतात.

हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, रबरी रोलर फक्त ओलसर कापडाने. पहिल्याच वाजवण्यात कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंगचं सेटिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवून वेव्ह (.wav) फाइल करून घ्या. दुसरी संधी मिळेलच असं नाही.