आधी ± च्या पुढचं वाच

अगं, विज्ञानाची नवी बातमी आली की तू लगेच मथळा पाठवतेस. उत्साह आवडतो मला, पण आधी ± च्या पुढचा आकडा, म्हणजे मोजमाप किती इकडेतिकडे असू शकतं तो, बघत जा.

रविवारी पणजीला, पाटोच्या वाचनालयात जाशील तेव्हा आलेखाचा कागद घेऊन जा. डब्ल्यू बोसॉन या मूलकणाचं वस्तुमान मांड: अमेरिकेतल्या फर्मिलॅब प्रयोगशाळेच्या सीडीएफ गटाचं २०२२ चं ८०,४३३.५ ± ९.४ एमईव्ही (कणांचं वस्तुमान मोजायचं एकक) आणि युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेच्या सीएमएस गटाचं २०२४ चं ८०,३६०.२ ± ९.९. दोन्हींच्या त्रुटीच्या रेघा, म्हणजे ± इतक्या वर-खाली, पेन्सिलीने ओढ. एकमेकींना शिवतसुद्धा नाहीत! सिद्धांत सांगतो ८०,३५७ च्या आसपास; तोही मांड आणि कोणाच्या जवळ पडतो ते स्वतः बघ.

२०११ मध्ये न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचल्याचं जगभर गाजलं. पण मोजणीच चुकली होती; कारण निघालं नीट न बसलेली फायबर केबल. ते मोजणी करणाऱ्या गटानेच शोधून जाहीर केलं, याचा मला फार आदर वाटतो.

क्वांटम चिपचंही तसंच. क्युबिट (क्वांटम संगणकाचे माहितीचे एकक) किती यापेक्षा चुका किती ते विचार. गुगलच्या विलो चिपवर १०५ क्युबिट आहेत, पण खरी बातमी वेगळी: चुका सुधारणारी क्युबिटची जाळी ३×३ वरून ५×५, मग ७×७ केली तशी चूक दर वेळी निम्म्यावर आली.

आलेख झाला की वही घेऊन घरी ये. सिग्मा, म्हणजे दोन आकड्यांतला फरक त्रुटीच्या किती पट आहे ते, कसा काढायचा ते बसून दाखवते.